पुरुषांचे कॉम्प्रेशन सॉक्स: घोट्याचं माप न विचारणारं पाकीट परत ठेवा

‘कॉम्प्रेशन’, म्हणजे पायाला बाहेरून दाब देणारे मोजे, या एका नावाखाली निदान सहा वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दिसायला जवळपास सारख्या, कामाला मुळीच सारख्या नाहीत. ८ ते १५ दाबाचा हलका मोजा, १५ ते २० चा मधला, २० ते ३० चा उपचाराचा, ३० ते ४० चा कडक, रुग्णालयात अंथरुणावरच्या रुग्णाला घालतात तो पांढरा मोजा, आणि धावणाऱ्यांचा पाऊल नसलेला पोटरी-स्लीव्ह. हे आकडे मिलिमीटर मर्क्युरीचे आहेत, म्हणजे रक्तदाब ज्यात मोजतात त्याच एककाचे. आणि ते घोट्यापाशी पडणाऱ्या दाबाचे असतात, पोटरीपाशी पडणाऱ्या नव्हे.

निकाल आधीच सांगतो. दिवसभर उभ्याने किंवा बसून काम, संध्याकाळी जड होणारे पाय, साध्या मोज्याच्या इलॅस्टिकचा घोट्यावर उमटणारा खोल वळ, लांबचा विमानप्रवास, एवढ्यासाठी गुडघ्यापर्यंतचा, बोटं झाकणारा, १५ ते २० दाबाचा, गोल विणीचा मोजा बहुतेक पुरुषांना पुरतो. अट एकच: त्याचा साइज घोटा आणि पोटरीच्या घेरावरून, सेंटिमीटरमध्ये ठरलेला हवा. पाकिटावर नुसता बुटाचा नंबर किंवा ‘फ्री साइज’ असेल, तर आत निघतो तो फक्त एक घट्ट मोजा. त्याला कॉम्प्रेशन म्हणण्यात अर्थ नाही.

दाब येतो कुठून

उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरांमध्ये साधारण ८० ते ९० मिलिमीटर दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताचं ते वजन. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि दाब २० ते ३० पर्यंत उतरतो. झडपा सैल पडल्या किंवा पोटरी तासन्‌तास हललीच नाही, तर दाब उतरत नाही. मग शिरांमधलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि घोटा सुजतो. वर्षानुवर्षं हेच चाललं तर घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा तपकिरी आणि कडक होते, खाजते, आणि पुढे तिथे पडलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

मोजा बाहेरून दाबतो, त्यामुळे शिरेचा व्यास कमी होतो, त्याच शिरेतून रक्त वेगाने जातं आणि पाणी झिरपायला वाव कमी मिळतो. दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि पोटरीवर त्याच्या साधारण ७० टक्के असावा लागतो. असा चढत्या अंगाने कमी होत जाणारा दाब देणारा मोजा कॉनराड जोब्स्ट या अभियंत्याने १९५० च्या दशकात अमेरिकेत बनवला. त्याला स्वतःला शिरांचा आजार होता, आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, मीटरभर खाली तो सुमारे ७३ मिलिमीटर मर्क्युरी असतो. पावलाशी जास्त, गुडघ्याशी कमी. त्याने तोच उतार कापडात विणला.

साइज चुकला की हा उतार बिघडतो. कापडाचा पायावर पडणारा दाब दोन गोष्टींवर ठरतो: कापड किती ताणलंय, आणि ज्यावर ताणलंय तो भाग किती गोल, किती बारीक आहे. सारख्या ताणाला बारीक घोट्यावर दाब जास्त पडतो, जाड पोटरीवर कमी. विणणारा कारखाना हे गृहीत धरूनच प्रत्येक साइजला घोट्याची आणि पोटरीची मर्यादा ठरवतो. समजा, एखादा साइज २१ ते २४ सेंटिमीटर घोट्यासाठी आणि ३४ ते ३९ सेंटिमीटर पोटरीसाठी आहे. सायकल चालवणाऱ्या पुरुषाचा घोटा २३ आणि पोटरी ४२ असू शकते. घोटा बरोबर बसला, पोटरी मर्यादेबाहेर गेली. आता पोटरीवरचं कापड ठरल्यापेक्षा जास्त ताणलं जातं आणि तिथला दाब घोट्याच्या बरोबरीला किंवा वरही जातो. रक्त वर जायचं त्या वाटेवरच अडसर. दिवसाअखेर पाऊल सकाळपेक्षा जास्त सुजलेलं दिसतं आणि दोष ‘कॉम्प्रेशन मला मानवत नाही’ यावर जातो. प्रत्यक्षात त्या माणसाला रुंद पोटरीचा प्रकार हवा होता. चांगले उत्पादक तो वेगळा ठेवतात.

कुठला दाब, कोणासाठी

८ ते १५ चा मोजा आरामाचा आहे. पाय थकतात पण सुजत नाहीत, अशांना बरा वाटतो. दिसणाऱ्या सुजेवर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

१५ ते २० हा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरायला सर्वांत समंजस दाब, अर्थात पुढे सांगितलेल्या लोकांनी घालू नये हे पाळून. उभ्याने काम करणारे, लांबचे चालक, विमानप्रवासी यांना हा पुरतो. पाच तासांवरच्या विमानप्रवासात असे मोजे घालणाऱ्यांच्या पायात लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी होतात, याचा पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांत चांगल्या प्रतीचा मानला गेलाय. मोजा विमानात बसल्यावर नव्हे, घरून निघतानाच चढवायचा. अरुंद आसनात बसून तो नीट चढत नाही, आणि तोवर घोटे सुजायला लागलेले असतात.

२० ते ३० ठसठशीत फुगलेल्या शिरा, रोजची सूज, शिरांवरच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळ यासाठी. हा डॉक्टरांनी धमन्या तपासून सांगितल्यावरच घ्यावा. एक भ्रम इथे काढून टाकायला हवा: फुगलेल्या शिरा मोज्याने बऱ्या होत नाहीत. मोजा जडपणा आणि सूज आवरतो, काढला की शीर पुन्हा तशीच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की शिरांवर प्रत्यक्ष उपचार शक्य असतील तर निव्वळ मोज्यांवर रुग्णाला ठेवू नये. ‘शिरा घालवणारे मोजे’ अशी जाहिरात असलेला माल या एका कारणाने बाद करायला हरकत नाही.

३० ते ४० चा मोजा भरलेली जखम पुन्हा उघडू नये म्हणून किंवा मोठ्या सुजेवर दिला जातो. तो स्वतःहून घेऊ नये. खोल शिरेत गुठळी होऊन गेल्यावर पुढचा त्रास टळावा म्हणून तो वर्षानुवर्षं सगळ्यांनाच दिला जायचा. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘सॉक्स’ (SOX) नावाच्या चाचणीत त्याने तो त्रास टळत नाही असं दिसलं. तेव्हापासून तो सरसकट न देता सूज आणि दुखणं असलेल्यांना देण्याकडे कल आहे.

रुग्णालयातला पांढरा मोजा घरी आला की पुष्कळ जण तो वाया जाऊ नये म्हणून वापरत राहतात. तो आडव्या माणसासाठी बनलेला आहे. घोट्यापाशी साधारण १८ दाब, कापड मऊ, बोटांखाली तपासायचं भोक. उभं राहिल्यावर वाढणाऱ्या दाबाला टक्कर देण्याइतकी त्याची वीण ताठ नसते. चालताना तो घसरतो आणि गुंडाळून गुडघ्याखाली दोरीसारखा बसतो. घरी चालू-फिरू लागल्यावर तो किती दिवस ठेवायचा, हे घरी सोडताना विचारून घ्यावं आणि तेवढ्यावर थांबावं.

पोटरी-स्लीव्ह धावताना ठीक. स्नायूंचा थरथराट कमी वाटतो, दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं काहींना कमी जाणवतं. वेग वाढेल ही आशा मात्र सोडा. दिवसभर बसून काम करताना तो घालणं चूक, कारण दाब घोट्यावर सुरू होऊन पाऊल मोकळं राहतं आणि पाणी पावलात साचतं.

पाकिटावर आकड्यांऐवजी ‘क्लास’ लिहिलेला असेल तर देश बघा. जर्मन क्लास २ म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिश क्लास २ म्हणजे १८ ते २४ आणि फ्रेंच क्लास २ म्हणजे १५ ते २०. एकाच ‘क्लास २’ मध्ये घरगुती वापराचा आणि डॉक्टरांच्या देखरेखीचा असे दोन्ही मोजे येतात. आणि डेनिअर हा सुताच्या जाडीचा आकडा आहे, दाबाचा नाही. ‘१४० डेनिअर, जास्त दाब’ असं छापणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, किंवा ग्राहकाला माहीत नसेल यावर त्याचा भरवसा आहे.

माप

सकाळी, अंथरुणातून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळचं माप सुजेचं असतं, त्यावर घेतलेला मोजा सकाळी सैल पडतो आणि सूज उतरली की दाब आणखी कमी देतो. दोन्ही पाय मोजा, पुष्कळांचे पाय सारखे नसतात.

शिंप्याची मऊ मापपट्टी घ्या. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवा. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथे पहिला घेर. हाडावरूनच पट्टी फिरवणं ही नेहमीची चूक, तिने माप दोन-तीन सेंटिमीटरने फुगतं आणि साइज एक पायरी वर जातो. दुसरा घेर पोटरीच्या सर्वांत जाड भागावर. तिसरं माप लांबीचं: टाचेखालच्या जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत उभं अंतर, त्यातून दोन बोटं वजा. पट्टी त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. केस दाट असतील तर तळहाताने खाली बसवून मग पट्टी लावा.

तक्त्यात घोटा एका साइजमध्ये आणि पोटरी दुसऱ्यात पडली तर घोट्याचं माप प्रमाण मानून रुंद किंवा अरुंद पोटरीचा उपप्रकार शोधा. तो नसेल तर दुसरा उत्पादक बघा. दोन्हींचा ‘मधला’ साइज घेणं हा मार्ग नव्हे, त्याने दोन्ही जागा चुकतात. लांबीचंही तसंच. उंच पुरुषाला आखूड मोजा पोटरीच्या मध्यावर संपतो आणि पट्टा नेमका फुगीर भागात रुततो. बुटक्याला लांब मोजा गुडघ्यामागे गोळा होतो. ‘रेग्युलर’ आणि ‘शॉर्ट’ किंवा ‘लाँग’ असे दोन पर्याय देणारा तक्ता असेल तर उत्पादकाने काम मनावर घेतलंय असं समजा.

वीण, पट्टा, पुढचं टोक

बहुतेक मोजे नायलॉन आणि इलास्टेन (ताणून पुन्हा आखडणारा धागा) यांचे असतात. दाब देणारा धागा विणीत आडवा गुंफलेला असतो. मोजा हातात घेऊन आधी घोट्याचा भाग आणि मग पोटरीचा भाग आडवा ताणून बघा. घोट्याशी स्पष्टपणे जास्त जोर लागला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच ताणला गेला, तर त्यात उतार विणलेलाच नाही. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि स्वस्त माल तिच्यात पटकन उघडा पडतो.

गोल विणीला शिवण नसते, ती रोजच्या वापराला चांगली. सपाट विणीचा मोजा मागे शिवलेला, जाड आणि ताठ असतो. तो लसिकावाहिन्यांच्या सुजेसाठी किंवा ज्यांच्या पायाचा आकार तक्त्यात बसतच नाही त्यांच्यासाठी माप घेऊन बनवतात. पुरुषांसाठी उभ्या रेघांची जाड वीण पसंत करावी: ऑफिसच्या पँटखाली ती साध्या मोज्यासारखी दिसते आणि पातळ विणीसारखी नखाला लागून उसवत नाही. तळव्यात सुती अस्तर असलं तर घामाला उपयोग होतो. तांबं, बांबू, कोळसा, इन्फ्रारेड हे शब्द शिरांसाठी निरुपयोगी आहेत. त्यांचे जादा पैसे मोजायचे असतील तर दुसऱ्या जोडीला मोजा.

वरचा पट्टा निदान तीन-चार सेंटिमीटर रुंद हवा. अरुंद पट्टा सगळा ताण एका रेघेवर आणतो. आतून सिलिकॉनचे ठिपके असलेला पट्टा मांडीपर्यंतच्या मोज्याला लागतो, पण केसाळ मांडीवर तो केस धरून ओढतो आणि घामात खाली सरकतो. त्यामुळे मांडीपर्यंतचा मोजा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितला असेल तरच.

बोटं उघडी की झाकलेली? बुटात दिवस घालवणाऱ्याला झाकलेली बरी. उघड्या बोटांच्या मोज्याची कडा पावलाच्या पुढच्या भागात रुतते, चालताना मागे सरकते आणि बुटात तिची उंची टोचते. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं असेल, बोटं वाकडी असतील, बोटांच्या बेचक्यात बुरशी वारंवार होत असेल किंवा बोटांचा रंग बघत राहायचा असेल, तर उघडी घ्या. चेनवाल्या मोज्यांचा मोह वाकता न येणाऱ्यांना होतो. चेन ताणली जात नाही, त्यामुळे त्या रेषेत दाब वेगळा पडतो, आणि चेन घोट्याच्या हाडावरून गेली तर तिथली त्वचा सोलवटते. स्वस्तातला चेनवाला मोजा टाळाच.

चढवायची रीत

सगळ्यात जास्त जोड्या इथे कपाटात जाऊन पडतात. साध्या मोज्यासारखं गोळा करून वर खेचलं की दाब देणारे सगळे आडवे धागे एका जागी जमतात, ते ओढायला दुप्पट जोर लागतो आणि नखाने वीण उसवते.

मोजा सकाळी, पाय सुजण्याआधी घालायचा. आंघोळीनंतरच घालायचा असेल तर पाय पूर्ण कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसह, आणि दहा-पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून आडवे व्हा. दमट त्वचेवर नायलॉन चिकटतं. मलम किंवा तेल त्या वेळी लावू नका, तेलकटपणाने इलास्टेन लवकर मरतं. ते रात्रीचं काम.

पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसा, पाऊल बुटक्या स्टुलावर. हात घालून आतून टाच पकडा आणि मोजा टाचेपर्यंत उलटा करा, म्हणजे पावलाचा भाग आत खिशासारखा राहील. त्यात बोटं घाला, पाऊल सरकवा, आणि मोज्याची टाच तुमच्या टाचेवर नेमकी बसवा. ती पाव वळसा जरी फिरलेली राहिली, तरी पुढचं सगळं तिरकं जातं. मग उरलेला उलटा भाग पावलावरून उलगडत घोट्यावर आणा. यात कापड त्वचेवर घासत न जाता उलगडत जातं, म्हणून केस कमी ओढले जातात. आता पाच-पाच सेंटिमीटरच्या टप्प्यांत, दोन्ही तळहातांनी चोळत वर न्या. वरचा पट्टा धरून ओढायचा नाही. पट्टा गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबला पाहिजे. जास्त राहिलं तर दुमडू नका. दुमडलेल्या जागी दोन थर, म्हणजे जवळजवळ दुप्पट दाब. वर उरलेलं कापड तळहाताने परत खाली चोळत पोटरीभर वाटून द्या.

रबरी हातमोजे ही या कामातली सर्वांत उपयोगी जोडवस्तू. खडबडीत पकडीचे, भांडी घासायला वापरतात तसले चालतात. बोटं उघडी असलेल्या मोज्याला निसरडी पातळ पिशवी पावलावर चढवून त्यावरून मोजा न्यायचा आणि मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची. पोट सुटलेल्या किंवा कंबर धरलेल्या पुरुषांना पावलापर्यंत हातच पोचत नाही, त्यांच्यासाठी तारेचा स्टँड मिळतो: मोजा त्यावर आधी ताणून चढवायचा, पाऊल आत घालायचं आणि दांडे धरून वर ओढायचं. एवढं करूनही २० ते ३० चा मोजा चढत नसेल, तर कमी दाबाचे दोन पातळ मोजे एकावर एक घालायची सोय आहे. त्यांच्या दाबांची ढोबळ बेरीज होते, म्हणून हेही डॉक्टरांना विचारूनच.

केसांमुळे मुळाशी बारीक पुळ्या येत असतील तर वस्तऱ्याने दाढीसारखे केस काढू नका, कापलेल्या मुळांवर दिवसभर नायलॉन घासलं की पुळ्या वाढतात. मशिनने केस आखूड करा, तेही रात्री.

रात्री मोजा काढायचा. आडवं झाल्यावर घोट्याच्या शिरांमधला दाब १० च्या आसपास येतो, तिथे मोज्याला काम उरत नाही. डॉक्टरांनी रात्रीसाठी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

बिघडलं ते कसं ओळखायचं

पट्ट्याचा फिकट वळ अर्ध्या तासात जात असेल तर चिंता नाही. खोल खाच, तिच्यावर फुगलेली कडा, लाल किंवा जांभळी त्वचा म्हणजे पट्टा अरुंद, मोजा आखूड किंवा पोटरी मर्यादेबाहेर. घोट्याच्या पुढच्या वळणात आडव्या चुण्या पडत असतील तर कापड खाली जमलंय, पुन्हा वर वाटून द्या. त्या चुणीखाली दिवसभरात त्वचा फाटू शकते. नडगीच्या कडेवर किंवा घोट्याच्या हाडावर लाली येत असेल तर कारण वर आलंच आहे: टोकदार जागेवर दाब जास्त पडतो. पातळ फोमची पट्टी ठेवून पाहा, बारीक नडगीला ती लागते. मोजा दिवसभर खाली घसरत असेल तर तो बहुधा मोठा आहे, घट्ट नाही म्हणून नव्हे तर घोट्याला धरत नाही म्हणून.

बोटं थंड, निळसर किंवा बधिर झाली, मुंग्या आल्या किंवा चालताना पोटरी दुखायला लागली तर लगेच काढा. ‘सवय होईल’ हा सल्ला इथे लागू नाही.

मोजा काम करतोय का, हे मापपट्टीच सांगते. मोजा न घालता एका दिवशी सकाळी आणि संध्याकाळी घोट्याचा घेर लिहा, मग मोजा घालून तेच करा. सकाळ-संध्याकाळचा फरक घटला नाही तर साइज, दाब किंवा निदान यातलं काहीतरी चुकलंय. निदान चुकायला जागा भरपूर आहे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनसारखी गोळी चालू असेल तर घोटे तिच्यामुळेही सुजतात, तेव्हा डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलायचं. दोन्ही पायांची सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताकडूनही येते.

कोणी घालू नये

पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना बाहेरून दाबणं धोक्याचं आहे, कारण पावलापर्यंत रक्त आधीच कमी पोचतंय. थोडं चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, पावलं थंड, नडगीची त्वचा चकचकीत आणि केस गळालेले, पावलावरची नाडी लागत नाही, ही खूण. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी १५ ते २० च्या मोज्यासाठीही आधी तपासून घ्यावं. तपासणी सोपी आहे: घोट्यापाशी मोजलेला वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब भागिले दंडाचा तोच आकडा. ०.८ ते १.३ असेल तर दाब चालतो. ०.५ च्या खाली तो वर्ज्य. मधे असेल तर निर्णय डॉक्टरांचा. १.३ च्या वरचा आकडा चांगला नव्हे, धमन्या कडक झाल्यामुळे तो फसवा वाढतो आणि मधुमेहात हे बरेचदा दिसतं. पावलाची संवेदना गेलेल्यांना रुतलेली चुणी कळतच नाही, तेव्हा त्यांनीही स्वतःहून घालू नये. दम लागत असलेला, आवाक्यात नसलेला हृदयविकार, पाणी सुटणारा इसब किंवा त्वचेचा ताजा संसर्ग असेल तर आधी त्याचा उपचार.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरीत दुखू लागलं तर मोजा शोधू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती गुठळी असू शकते. सोबत छातीत दुखणं किंवा धाप असेल तर थेट आपत्कालीन विभाग.

धुणं आणि आयुष्य

रोज धुवायचे. घाम आणि तेल जातं हे आहेच, पण धुतल्यावर ताणलेले धागे मूळ लांबीवरही येतात. म्हणून दोन जोड्या लागतात, एक पायात, एक वाळत. कोमट पाणी, साधा साबण, मशिनमध्ये असेल तर जाळीच्या पिशवीत. कपडे मऊ करणारं द्रव, ब्लीच, इस्त्री नको. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत आडवे वाळवायचे. पट्ट्याला चिमटा लावून टांगले तर ओल्या वजनाने लांबतात.

रोजच्या वापरात जोडी तीन ते सहा महिने टिकते. त्यानंतरही ती फाटलेली दिसत नाही, आणि पुष्कळ जण वर्षानुवर्षं निर्जीव मोजे घालत राहतात. सुरुवातीला हातमोजे लागत होते आणि आता मोजा सहज चढतो, म्हणजे हात सरावले नाहीत, इलास्टेन संपलंय. नवी जोडी जुन्या पाकिटावरचा साइज बघून मागवू नका. सूज उतरली असेल तर घोटा एखादा सेंटिमीटर बारीक झालेला असतो, आणि तक्त्यात तेवढ्याने एक साइज खाली यावं लागतं.